खाऱ्या हवेतला जुना कॉम्प्युटर पुन्हा कसा चालू करावा

माळ्यावर, शाळेच्या अडगळीत किंवा भंगारवाल्याच्या टेम्पोत तुम्हाला १९८०च्या दशकातला एखादा कॉम्प्युटर सापडला, तर त्याची पिन लगेच बोर्डात घालू नका. चालतोय का ते बघायची घाई प्रत्येकालाच होते. मलाही झाली होती. माझ्या हाती आलेला पहिला बीबीसी मायक्रो, त्या काळातला ब्रिटिश बनावटीचा छोटा कॉम्प्युटर, मी घरी आणला त्याच संध्याकाळी लावला. तो चालू झाला, टीव्हीवर अक्षरं उमटली आणि दहाएक मिनिटांनी मागच्या फटींतून पांढरा धूर यायला लागला. तो वास खोलीतून जायला आठवडा गेला. यंत्र वाचलं, पण कुठलं काम कशाच्या आधी करायचं हे मी त्या दिवसापासून शिकलो.

मी रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरावर बोटींवरचे मासे शोधणारे फिशफाइंडर, जीपीएस आणि वायरलेस सेट दुरुस्त करतो. तीस वर्षं होऊन गेली या कामाला. जुने कॉम्प्युटर हा माझा धंदा नाही, जिव्हाळा आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून देशातल्या सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो दिले होते. त्यातलाच एक मी नववीत असताना पाहिला. आठवड्याला एका मुलाच्या वाट्याला दहा मिनिटं यायची. त्या दहा मिनिटांसाठी मी घरी वहीवर प्रोग्राम लिहून, चुका शोधून, पाठ करून जायचो. म्हणून आज असं एखादं यंत्र भंगारात किलोवर चाललेलं दिसलं की मला राहवत नाही.

घाटावरच्या माणसाने लिहिलेली कृती इथे अर्धीच उपयोगी पडते. इंग्लंड-अमेरिकेतले लोक जुन्या यंत्राचं वय बघतात. आपल्याकडे आधी मीठ बघायला लागतं.

मीठ आधी, वीज नंतर

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, ते आठवा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरवरच्या घरातही ते येतात आणि सर्किट बोर्डावर बसतात. जून ते सप्टेंबर त्या कणांचं खारं पाणी होतं, ते चिपच्या पायांमध्ये शिरतं आणि तांबं खायला लागतं. हिवाळ्यात ते पुन्हा सुकतं. पुढच्या मृगाला पुन्हा ओलं. असे चाळीस पावसाळे त्या यंत्राने काढलेले असतात. बोर्डावर हिरवट बुरा दिसतो तो तांब्याचा, आणि तो आपोआप थांबत नाही, मीठ असेपर्यंत वाढतच राहतो.

आता मुख्य गोष्ट. इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारी बहुतेक मंडळी बोर्ड साफ करायला आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. तेल, चिकटा, सोल्डरिंगचा फ्लक्स यांना ते चांगलं आहे. पण मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. ब्रशने ते इकडचं तिकडे होतं, बोर्ड चकचकीत दिसतो आणि पुढच्या पावसात तिथेच पुन्हा हिरवं येतं. मिठाला पाणीच लागतं. बंदरावर कुणाचा सेट समुद्रात पडला तर जाणता तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, तो सुकवून आणत नाही, गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून आणतो. तसा आणलेला सेट बहुतेक वेळा वाचतो. उन्हात वाळवून आणलेल्याचं काही खरं नसतं. जुन्या कॉम्प्युटरला मी हीच रीत लावली.

काम कधी काढायचं

दिवाळी झाली की काढा आणि शिमग्याच्या आत संपवा. त्या दिवसांत सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, कोरडा. पावसाळ्यात यंत्र उघडायचंच नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात आणि सगळ्यांचे सेट माझ्याकडे येतात, त्यामुळे तसाही मला तेव्हा वेळ नसतो. पण वेळ असता तरी मी भर पावसात बोर्ड धुतला नसता, कारण तो सुकणार कसा?

हाती काय आलंय ते ओळखा

कीबोर्डच्या खोक्यातच अख्खा कॉम्प्युटर असेल, रंग बदामी, कळा काळ्या आणि वरच्या ओळीत दहा तांबूस-लाल कळा, तर तो बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आणलेला. आत ६५०२ जातीचा प्रोसेसर, वेग २ मेगाहर्ट्झ, मॉडेल बी असेल तर ३२ किलोबाइट मेमरी. हा ६५०२ प्रोसेसर १९७५ मध्ये २५ डॉलरला आला आणि त्या किमतीमुळेच घरात कॉम्प्युटर येऊ शकला. अॅपल टू आणि कमोडोर पेट या १९७७च्या यंत्रांतही तोच होता. त्याआधी १९७५च्या जानेवारीत आल्टेअर ८८०० आला तेव्हा छंदवाल्यांना २५६ बाइट मेमरीवर भागवायला लागत होतं आणि प्रोग्राम पुढच्या पॅनेलवरचे स्विच वरखाली करून भरायचा असे.

छोटं काळं यंत्र, रबरी कळा, कोपऱ्यात रंगीत पट्टे: तो १९८२चा झेडएक्स स्पेक्ट्रम. त्याचाच पुढचा अवतार स्पेक्ट्रम प्लस, कडक कळांचा, आपल्या देशातही परवान्याने बनत होता. स्पेक्ट्रमबद्दल एकच गोष्ट घोकून ठेवा. त्याला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पण त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो आणि बाहेरचा धन. आज बाजारात मिळणारे जवळजवळ सगळे अडॅप्टर याच्या उलट असतात. पिन बसते, आणि यंत्र जातं. मल्टिमीटर लावून धन-ऋण बघितल्याशिवाय त्याला काही जोडू नका.

वेगळं खोकं, वेगळा मॉनिटर, पुढे फ्लॉपीची फट असेल तर तो पीसी एक्सटीचा भाऊबंद, ऑगस्ट १९८१च्या आयबीएम पीसीवर बेतलेला. असे पतसंस्थांत, आंब्याच्या व्यापाऱ्यांकडे, सीएच्या कचेरीत असायचे. त्याचं वेगळं सांगतो. पुढची कृती बीबीसी मायक्रोची आहे, पण धुण्या-सुकवण्याचा भाग सगळ्यांना लागू आहे.

उघडणं

हातमोजे घाला आणि तोंडाला फडकं बांधा. माळ्यावरच्या यंत्रात उंदराच्या लेंड्या असतात आणि मूतही, आणि त्या मुतातून पसरणारा लेप्टोचा ताप काय करतो ते कोकणात कुणाला सांगायला नको. मला आत पालीची अंडी सापडली आहेत, कुंभारणीची मातीची घरटी सापडली आहेत, एकदा वाळवीने मॅन्युअलचे कागद खाऊन बोर्डाखाली मातीचा थर केला होता. कोरड्या, मऊ ब्रशने आधी हे सगळं अंगणात झाडा.

बीबीसीच्या झाकणाचे स्क्रू शोधणं सोपं आहे. 'फिक्स' असं लिहिलेले चार, दोन मागे आणि दोन खाली. झाकण उचललं की पुढे कीबोर्ड, डावीकडे पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा, मध्ये मोठा बोर्ड. काहीही सोडवायच्या आधी मोबाइलने फोटो काढा, वरून, बाजूने, प्रत्येक कनेक्टरचा जवळून. पॉवर सप्लायच्या लाल तारा ५ व्होल्टच्या, काळ्या शून्याच्या आणि जांभळी उणे ५ व्होल्टची. या पुढे जोडताना अदलाबदल झाली तर धुणं, सुकवणं, सगळी मेहनत एका क्षणात जाते. माझी भाची डिप्लोमा करते, ती सुट्टीत मदतीला असते. तिला मी फोटोवर भरवसा ठेवू देत नाही. कागदावर तिच्या हाताने आकृती काढून घेतो. हाताने काढलं की डोक्यात बसतं.

सॉकेटमधल्या चिप काढताना चपटा स्क्रूड्रायव्हर आधी एका टोकाने, मग दुसऱ्या टोकाने, केसाएवढा केसाएवढा सरकवत उचला. एका बाजूने उपटलीत तर पाय वाकतात, आणि गंजलेला पाय वाकला की तुटतो. चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते, ती कुठल्या दिशेला आहे ते आकृतीत टिपा. पाय काळे पडले असतील तर साध्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा. सँडपेपर लावू नका, मुलामा जातो.

काही चिपच्या पाठीवर काचेची गोल खिडकी असते, वर चिकटपट्टी लावलेली. ती ईप्रॉम, प्रोग्राम साठवून ठेवणारी चिप. आतला प्रोग्राम अतिनील किरणांनी पुसला जातो. उघड्या खिडकीवर आठवडाभर थेट ऊन पडलं तरी तो जाऊ शकतो. चिकटपट्टी सुटली असेल तर काळी टेप लावा, आणि या चिप कपाटातच ठेवा, उन्हाच्या वाऱ्यालाही उभ्या करू नका.

धुणं

विहिरीचं पाणी नको. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्याकडे मचूळ होतात, मग मीठ काढायला मीठच घातल्यासारखं होईल. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते पाच-सहा लिटर आणा. बाटली नीट वाचून घ्या, त्याच कपाटात बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं.

सॉकेटमधल्या चिप, स्पीकर, पॉवर सप्लाय, कीबोर्ड बाजूला काढलेले आहेत. टीव्हीच्या सिग्नलचा जो पत्र्याचा डबा बोर्डावर असतो त्याच्या फटी टेपने बंद करा. बोर्ड प्लॅस्टिकच्या परातीत तिरका ठेवा, वरून पाणी सोडा आणि दोन इंची रंगाच्या मऊ ब्रशने सॉकेटच्या आतपर्यंत घुसवा. परातीतलं पाणी ओतून द्या, पुन्हा नवीन घ्या. किती वेळा? त्यासाठी माझ्याकडे एक साधन आहे: पिण्याच्या पाण्याचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनासारखा, आरओ बसवणाऱ्यांकडे असतो तो. बाटलीतलं ताजं पाणी मोजा, बोर्डावरून आलेलं पाणी मोजा. पहिल्या धुण्यात आकडा भरमसाट वाढतो. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला लागले की मीठ गेलं. मला साधारण चार-पाच धुणी लागतात. एका बोर्डाला नऊ लागली होती, तो बंदरालगतच्या घरातला होता. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या बोर्डाचं पाणीही मोजा. मीठ दिसत नाही.

आता आयपीएची पाळी, ९९ टक्क्यांचं. ते बोर्डावर ओतलं की पाण्यात मिसळतं आणि सांदीकोपऱ्यातलं पाणी स्वतःबरोबर बाहेर नेतं. हे काम पडवीत किंवा अंगणात करा, जवळपास शेगडी, उदबत्ती, काही नको. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन-तीन तास, बोर्ड सावलीत वाऱ्यावर राहू द्या. वास गेल्यावरच पुढची पायरी: पुठ्ठ्याचं खोकं, त्यात ४० वॅटचा जुना तारेचा बल्ब, वर हवा जायला भोकं, आणि बोर्ड बल्बपासून हातभर लांब. दोन दिवस. खोक्यात हात घातला तर कोमट लागलं पाहिजे, गरम नाही. आमच्या आईने आमसुलं वाळवताना घाई केली तर ती वरून सुकत आणि आतून ओली राहत, पुढे त्यांना बुरशी यायची. सॉकेटचंही तसंच होतं.

सुकल्यावर भिंगातून पाहा. हिरवा बुरा अजून असेल तिथे काचेच्या तंतूंच्या टोकाच्या फायबर पेनने घासा. तांब्याची रेघ खाल्ली गेली असेल तर मीटरच्या बजरने दोन टोकं तपासा, आणि तुटली असेल तर बारीक इनॅमल तारेचा एक तुकडा वरून सोल्डर करा.

पॉवर सप्लाय

धूर इथूनच आला होता. डब्यात मेन्सच्या, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेच्या, वाटेवर दोन कपॅसिटर असतात, विजेतला खरखराट गाळणारे, ०.१ मायक्रोफॅरडचा एक आणि ०.०१चा दुसरा. त्या काळातले हे कागदी असत, वर पिवळट पारदर्शक कवच. वर्षांनी कवचाला तडे जातात, दमट हवा आत शिरते, कागद ओला होतो आणि २३० व्होल्ट मिळाले की तो आत जळतो. तडे दिसोत न दिसोत, दोन्ही बदला. नवे घेताना एक्स-टू वर्गाचे, म्हणजे मेन्सवर लावायला सुरक्षित असे, २७५ व्होल्ट एसीचे, पॉलिप्रॉपिलीनचे मागा. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर तिथे चालत नाही, दुकानदार काही म्हणो.

त्याआधी मोठा कपॅसिटर रिकामा करा. चालू असताना त्यावर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि पिन काढल्यावरही ते राहू शकतात. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना अर्धा मिनिट धरा, हाताने नव्हे, इन्सुलेशनच्या पक्कडीने. मग मीटर लावून शून्य आल्याची खात्री करा. ज्यांनी मेन्सच्या सर्किटवर कधी काम केलेलं नाही, त्यांनी हा डबा गावातल्या टीव्ही मेकॅनिककडे घेऊन जावा. यात कमीपणा काही नाही. मी स्वतः नवशिक्यांना हेच सांगतो.

तपासणी सिरीज बोर्डवर. जुन्या मेकॅनिककडे हा अजून असतो: १०० वॅटचा तारेचा बल्ब लाइनच्या वाटेत घातलेला. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. सप्लायच्या आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि तुमचा सप्लाय वाचतो. ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंदावतो. बाहेरच्या बाजूला ५ व्होल्टवर काहीतरी भार हवा, रिकाम्या सप्लायचं माप खरं येत नाही. मी बोटीवरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावतो. ५ व्होल्टवर तो लालसर पेटतो आणि साधारण १ अँपिअर घेतो. मीटरवर ४.९ ते ५.१ आलं पाहिजे. अर्धा तास तसंच चालू ठेवून पुन्हा मोजा. मगच बोर्डाला जोडा.

पहिला आवाज

चिप आपापल्या सॉकेटात, खाचा आकृतीप्रमाणे, अंगठ्याने चारी बाजूंनी दाबून. कीबोर्डची पट्टी, स्पीकर जोडलेला. आता बटण दाबा आणि कान द्या, टीव्हीकडे नंतर बघा.

नीट असलेला बीबीसी मायक्रो दोन स्वर काढतो: आधी क्षणभर खालचा, मग वर 'बीप'. खालचा स्वर साउंड चिपचा, वीज मिळताच ती आपणहून वाजायला लागते. प्रोसेसर जागा झाला की तिला गप्प करतो आणि आपला बीप देतो. त्यामुळे नुसता खालचा स्वर अखंड वाजत राहिला तर समजायचं, सप्लाय ठीक, साउंड चिप ठीक, पण प्रोसेसर कामाला लागलेला नाही. काहीच आवाज नसेल तर बोर्डावर ५ व्होल्ट पोचतायत का ते आधी बघा. दोन्ही स्वर आले आणि कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा लागला, तर कॉम्प्युटर जिवंत आहे, टीव्ही काहीही दाखवो.

अखंड स्वराच्या वेळी मी एकदम चिप बदलायला जात नाही. पिन काढून सगळ्या चिप पुन्हा उचलून पुन्हा बसवतो. सॉकेटचा दोष दहातल्या निम्म्या वेळा तरी निघतो, हा माझ्या टेबलावरचा अनुभव. मग पुन्हा चालू करून बोटाच्या मागच्या बाजूने प्रत्येक चिपला स्पर्श करून बघतो. मॉडेल बीवर मेमरीच्या १६ चिप असतात, त्यातली एखादी शेजारणींपेक्षा चटका देत असेल तर ती गेली. चित्र तयार करणारी चिप मात्र मुळातच तापते, काहींवर म्हणून पत्रा बसवलेला असतो. तिला घाबरू नका.

चित्रासाठी मागच्या बीएनसी सॉकेटातून केबल घेऊन टीव्हीच्या पिवळ्या भोकात द्या. हे चित्र बहुतेक यंत्रांत काळंपांढरं येतं. रंग हवा असेल तर बोर्डावर एस-३९ ही जोडणी करावी लागते. नव्या एलईडी टीव्हींपैकी काही हा सिग्नल घेत नाहीत. जुना नळीचा टीव्ही मिळाला तर सोडू नका, त्याच्यावर ही अक्षरं जशी दिसतात तशी दुसरीकडे दिसत नाहीत. वर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'बेसिक', त्याखाली एक बाणाचं टोक आणि लुकलुकणारी रेघ. त्या जागी 'लँग्वेज?' असा प्रश्न आला तर बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा ज्या चिपमध्ये असते ती रॉम सॉकेटात नीट बसलेली नाही.

ते बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिलं आणि यंत्राच्या रचनेत स्टीव्ह फर्बर होते. याच दोघांनी पुढे एकॉर्नमध्येच एआरएम प्रोसेसर घडवला, पहिली चिप १९८५ मध्ये चालू झाली. आज बंदरावरच्या प्रत्येक खलाशाच्या खिशातला मोबाइल त्याच घराण्यातल्या प्रोसेसरवर चालतो. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिने आधी मोबाइलकडे आणि मग उघड्या बोर्डाकडे बराच वेळ पाहिलं.

कॅसेट

घराघरांत दशावताराच्या, भजनांच्या कॅसेट आणि त्यांचे टेपरेकॉर्डर अजून आहेत, तेच इथे चालतात. प्रोग्रामच्या कॅसेटला पांढरी बुरशी लागलेली असेल तर ती तशीच वाजवू नका, हेडवर बुरशी चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. टेपची गुंडाळी काढून स्वच्छ कॅसेटच्या कवचात घाला, बुरशी कोरड्या मऊ कापडाने पुसत हाताने फिरवा. हेड आयपीएने पुसा. मग सगळ्यात आधी ती कॅसेट लॅपटॉपवर ध्वनी म्हणून उतरवून घ्या, बीबीसीत नंतर भरा. जुनी टेप एकदाच नीट वाजेल असं धरून चाला.

बीबीसी कॅसेटवरून सेकंदाला १२०० बिट वाचतो. म्हणजे ३२ किलोबाइट भरायला साडेचार-पाच मिनिटं. माहिती २५६ बाइटच्या तुकड्यांत असते आणि प्रत्येक तुकडा तपासला जातो. मध्ये 'डेटा?' किंवा 'ब्लॉक?' अशी तक्रार आली तर सगळं पहिल्यापासून नको, टेप थोडी मागे घ्या आणि पुन्हा सोडा, यंत्र त्याच तुकड्यापासून पुढे जातं. वारंवार तक्रार येत असेल तर हेडचा कोन बिघडलाय. हेडशेजारच्या छोट्या स्क्रूला टेप वाजत असतानाच किंचित फिरवा, आवाज जिथे सगळ्यात तीक्ष्ण येईल तिथे थांबा.

व्यापाऱ्याचा पीसी

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्यानंतर महिन्याभराने एका ओळखीच्या व्यापाऱ्याने मला एक पीसी आणि पिशवीभर फ्लॉप्या आणून दिल्या. वडिलांच्या काळातले हापूसचे हिशेब होते, कुठल्या बागेच्या किती पेट्या क्रॉफर्ड मार्केटला गेल्या त्याचे.

पुरातल्या यंत्राला सरळ धुणं. गाळ आधी साध्या गोड्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने. बोर्डावर पिंपासारखी छोटी निळी बॅटरी असेल तर ती सगळ्यात आधी कापून काढा. ती निकेल-कॅडमियमची असते आणि गळाली की तिचं अल्कली तांब्याच्या रेघा खात जातं. त्या जागेवर कापसाने थोडं व्हिनेगर लावा, मग पाणी. हार्ड डिस्कला हात लावू नका. तिच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं, पाण्याखाली गेलेल्या डिस्कमध्ये गाळ तिथून शिरतो. वीज दिली की डोकी तबकडी खरवडतात आणि माहिती कायमची जाते.

फ्लॉपी मात्र पुरातून बचावतात. सव्वापाच इंची फ्लॉपीचं काळं पाकीट एका कडेने कापा, आतली चकती कडेला धरून डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलवा, धागे न सुटणाऱ्या कापडावर सुकवा आणि एका नव्या रिकाम्या पाकिटात घालून एकदा वाचून घ्या. अशा २३ फ्लॉप्यांपैकी १७ मी वाचल्या. हिशेब डीबेस या नोंदी ठेवायच्या जुन्या प्रोग्राममध्ये होते. ती फाइल आजच्या लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये थेट उघडते, त्यासाठी जुना पीसी चालू करायचीही गरज नसते. गावांची आणि माणसांची नावं रोमन लिपीत, एकच बागायतदार तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने. व्यापाऱ्याने समोर बसून ती एक केली, कोण कोणाचा ते त्याला माहीत होतं.

पुढच्या पावसाची तयारी

खोकं पांढरं करायला काहीजण हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. मी करत नाही, प्लॅस्टिक ठिसूळ होण्याची भीती वाटते आणि पिवळेपणाने यंत्राचं काही अडत नाही.

मेअखेरीला यंत्र पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आतलाच दमटपणा आत कोंडतो. ट्रंकेच्या झाकणाला रबराची पट्टी, आत अर्धा किलो सिलिका जेल सुती पिशवीत. ते निळं असतं तोवर कोरडं, गुलाबी झालं की ओलं. लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतलं की पुन्हा निळं होतं. हा तवा स्वयंपाकाला वापरू नका. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एकदा, पाऊस उघडलेला बघून, यंत्र बाहेर काढून तासभर चालू ठेवा. स्वतःच्या उष्णतेने ते आतून सुकतं. विजा कडाडत असतील तर नाही.

ट्रंकेत यंत्राबरोबर एक वही ठेवा. कुठली तारीख, बोर्डाच्या शेवटच्या धुण्याचा टीडीएस किती, ५ व्होल्टचं माप किती, कुठला कपॅसिटर बदलला, कुठली रेघ तारेने जोडली. माझ्या पहिल्या बीबीसीच्या वहीत पहिलं पान धुराचं आहे. गेल्या दोन पावसाळ्यांतल्या नोंदी भाचीच्या अक्षरात आहेत, आणि शेवटच्या नोंदीत तिने लिहिलंय: सिलिका जेल बदललं, दोन्ही स्वर आले, कळा सगळ्या चालतात, फक्त 'जी' दोनदा दाबावी लागते.